पाहुण्यांना अंथरूण दिसू नये

४ फेब्रुवारी

टिटवे,

सगळ्यात आधी आले ते टेलरमास्तर. गळ्यात टेप, कानावर खडू आणि हातात कुणाच्या तरी पँटचा एकच पाय. दारातूनच ओरडले, “आजी, खाली दोन जण तुमचं घर विचारतायत. एक बाई आहे चष्मेवाली, आणि एक साहेब आहेत, ते पहिल्याच मजल्यावर धापा टाकत बसलेत.” मी म्हटलं, बसू देत, तेवढाच मला वेळ. अपंग भत्त्याच्या ऑफिसातलेच होते गं! तू तुझ्या बाबाचा अर्ज भरलास त्यालाही आता केस पांढरे व्हायची वेळ आली होती, मी तर आशाच सोडली होती.

तुला आपलं घर माहीत आहे. पाहुण्यांना अंथरूण दिसू नये, हे मला माझ्या सासूने पहिल्या दिवशी सांगितलं आणि मी आजवर पाळलं. साहेब जिने चढेपर्यंत मी गादी गुंडाळली, कॉटखाली सारली, ते भांडंही तिकडेच ढकललं, काठी दाराआड, आणि खिडकीच्या गजाला बाबाने उठण्यासाठी दोरी बांधली आहे ना, ती सोडून तिथे स्वच्छ टॉवेल टाकला. मास्तरांनी इस्त्री केलेला निळा शर्ट बाबाच्या अंगात चढवला. कसा दिसत होता म्हणून सांगू! लग्नात दिसला होता तसा.

आणि बाई, त्या दिवशी तो उभा राहिला. साहेब आत आले ते घामाने निथळत. बाबा म्हणाला, “या साहेब, बसा,” आणि आपली एकुलती एक धड खुर्ची त्यांना दिली. स्वतः कपाटाला टेकून शेवटपर्यंत उभा. मला तर भरून आलं. बाई म्हणाल्या, घर किती छान ठेवलंय हो आजी. दुसऱ्यांदा चहा घेतला त्यांनी, मागून घेतला. मास्तरांची बायको म्हणते, चहा मागून घेतला म्हणजे काम झालंच.

बाईंनी प्रश्न विचारले. यांना स्वतःचं स्वतः करता येतं का? मी म्हटलं, अहो, स्वतःचंच काय, माझंही सगळं हाच बघतो. मला ऊठ म्हणून म्हणत नाही. जिना उतरतात का? मी म्हटलं, अर्ध्या शहराच्या लिफ्टा याने चालू ठेवल्या, याला जिन्याचं काय सांगता! सगळे हसले. बाबा पण हसला. किती दिवसांनी हसला.

आता तुझं कॉलेजचं शेवटचं वर्ष निर्धास्त पार पडेल. भत्ता नाही मिळाला तर कॉलेज सोडून घरी येते म्हणाली होतीस, तेव्हापासून बाबाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. आता ये, पण सुट्टीला ये. पास होऊन ये.

उत्तर नेहमीसारखं मास्तरांच्या दुकानाच्या पत्त्यावर टाक. फोन करू नकोस, एका खोलीत मी काय बोलते ते सगळं बाबाला ऐकू जातं, आणि तू काय बोलतेस ते मला ऐकू येत नाही.

तुझी आजी


११ फेब्रुवारी

आजी,

पत्र मिळालं. चहा आवडला त्यांना, बरं झालं.

आता मी काही विचारते. रागावू नकोस आणि गाळू पण नकोस. दोरी त्यांनी बघितलीच नाही का? काठी? बाबा आंघोळ कशी करतात, हे कुणी विचारलं का, आणि तू काय सांगितलंस? ते गेल्यावर बाबा कसे होते? आणि आजी, ते उभे कसे राहिले? मी काही बिनडोक नाही. गेल्या सुट्टीत मी बघितलंय, त्यांना दात घासायला उभं राहायचं तरी बेसिन धरावं लागतं.

तू बाबांना काहीतरी दिलं होतंस का?

टिटवी


२० फेब्रुवारी

टिटवे,

पोलिसात भरती हो तू, कॉलेज कशाला हवंय.

विचारलंस म्हणून सांगते. दोरी नाही बघितली. दिसेल कशी, मी सोडून ठेवली होती ना. काठी दाराआडच राहिली. आंघोळीचं विचारलं त्यांनी, तर मी म्हटलं रोज करतो, एक दिवस चुकवत नाही. खोटं काय त्यात? रोजच करतो. मी स्टुलावर बसवते, मी पाणी घालते, मीच पुसते, हे पण सांगायचं का परक्या बाईला? चाळिशी उलटलेला बाप्या माणूस आहे तो. समोर उभा होता.

आणि खुर्ची. तुला वाटेल आजीला काही कळत नाही. मला माहीत होतं तो का बसला नाही. तो त्या खुर्चीत बसला असता तर मला दोन्ही हात काखेत घालून ओढून काढावा लागला असता, त्या साहेबांसमोर. म्हणून त्याने खुर्ची दिली. पाठीमागे हात नेऊन कपाटाची कडी घट्ट धरली होती. हाताच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. तेवढं मला दिसत होतं, त्यांना त्याचं तोंड दिसत होतं. तोंड हसरं होतं.

गोळ्या मी दिल्या. डॉक्टरांनी अगदीच असह्य झालं तर म्हणून दिल्यात त्या, पिवळ्या. एक म्हणाले होते, मी दोन दिल्या. पाहुण्यांसमोर माणूस कण्हायला लागला तर त्यांना किती अवघड होतं! मागे मास्तरांचे सासरे आले होते तर बाबा कण्हायला लागला, ते बिचारे बिस्किट हातात तसंच धरून बसले, खावं की ठेवावं कळेना.

ते गेल्यावर तो पडला तो पडलाच. आठवडाभर कूस बदलायला मी आणि मास्तर. खाणं नाही. आता बरा आहे, काल खिडकीपर्यंत गेला.

पण तू असं उलटसुलट का विचारतेस? माणसं चांगली होती गं. बाईंनी जाताना माझ्या हातावर हात ठेवला. मास्तरांच्या बायकोचा चष्मा फुटलाय, ती आता सुईत दोरा ओवायला माझ्याकडे येते, आणि मला तर तिच्याहून कमी दिसतं. दोघी मिळून ओवतो. अंदाजाने.

आजी


१६ मार्च

आजी,

ऑफिसातून अजून काही कळलेलं नाही. कामं तुंबलीत म्हणतात. काळजी करू नकोस.

मी मजेत आहे. संध्याकाळी इथल्या एका औषधाच्या दुकानात काम मिळालंय, नुसतं बसायचंच काम आहे. अभ्यास व्यवस्थित चालू आहे.

एक सांगते, सहज म्हणून. पुन्हा कधी कुणी आलं तर त्यांना पाहुणे समजू नकोस. ते काय आहे ते बघायला येतात. जे दिसलं तेच लिहितात. जे तू कॉटखाली सारतेस ते त्यांच्यासाठी नसतंच.

बाबांना गोळ्या नको देऊस. जपून ठेव.

टिटवी


२५ मार्च

टिटवे,

खोटं बोलायला तू माझ्याकडूनच शिकलीस, तेव्हा रागवू कुणावर?

अर्ज नाकारल्याचं पत्र तुझ्याकडे गेलं तसं घरी पण आलं. तुझ्या आधीच आलं असेल, किंवा नंतर, मला काय. मास्तर वर घेऊन आले आणि बाबाच्या हातात दिलं. मी म्हटलं, वाच ना, मोठ्याने वाच. आनंदाने म्हटलं गं मी. पदराला हात पुसत जवळ येऊन बसले.

त्याने वाचलं. “अर्जदाराने पाहणीस आलेल्या अधिकाऱ्यांना स्वतःची खुर्ची दिली व संपूर्ण वेळ आधाराशिवाय उभे राहून संभाषण केले. घरात चालण्याची कोणतीही साधने आढळली नाहीत. अर्जदार दररोज स्नान करतात. अर्जदाराच्या मातोश्रींच्या सांगण्यानुसार, मातोश्रींची सर्व देखभाल अर्जदारच करतात.”

मी विचारलं, मातोश्री म्हणजे कोण रे? तो म्हणाला, तूच.

मग तो हसायला लागला. तसं हसू मला पुन्हा ऐकायचं नाही. मास्तर जिन्यातच उभे होते, ते खाली निघून गेले. मशीन सुरू केलं त्यांनी, कापड नसताना.

माझं एकेक वाक्य आहे त्यात. मी लाडाने बोललेलं. ते त्यांनी घरी नेलं, धुतलं, वाळवलं, इस्त्री केली आणि मलाच परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी बाबाने दाढी केली आणि म्हणाला लिफ्टच्या जुन्या ठेकेदाराकडे जातो. मी किती म्हटलं नको. “सरकार म्हणतंय मी धडधाकट आहे, तर कामाला जायला नको?” म्हणाला. मास्तरांनी पाठीवर घेऊन खाली उतरवला. गाडी केली. मी पण गेले.

ठेकेदाराने चहा मागवला. जुना माणूस म्हणून फार गोड बोलला. बाबाने म्हटलं, वर चढायचं नको, खाली लिफ्टच्या बटणांच्या पेट्या दुरुस्तीचं बसून काम द्या. ठेकेदार म्हणाला, “अरे, तुला इथे आतपर्यंत दोघांनी धरून आणलंय. तुला स्पॅनर उचलायला लावू का मी? उद्या पुन्हा पडलास तर माझ्या गळ्यात येशील.” बाबाने ते सरकारी पत्र पुढे केलं. बघा, म्हणाला, यात लिहिलंय मी चालतो. ठेकेदाराने वाचलं, घडी घातली, परत दिलं. म्हणाला, “मग त्यांनाच सांग, लिफ्ट दुरुस्त करायला ठेवा म्हणावं.”

म्हणजे भत्ता द्यायचा तर माझं लेकरू धडधाकट, आणि काम द्यायचं तर लोळागोळा. गाडीतून परत येताना मी विचार करत होते, दोघांना एका खोलीत बसवावं, आणि काय ते एकदा ठरवा म्हणावं.

आता काही होतं का? पुन्हा विचारता येतं का? सगळं माझ्यामुळे झालं. मला लिही. खरं लिही.

आजी


२६ मार्च

टिटवी,

मास्तरांकडून कागद मागून लिहितोय. पडून लिहितोय, अक्षर समजून घे.

आईने तुला गोळ्यांचं काय सांगितलंय ते मला माहीत आहे. तिने दिल्या नाहीत. मी मागितल्या. ती नको म्हणत होती, डॉक्टर एकच म्हणालेत म्हणत होती. मी म्हटलं, ती माणसं मला भांड्यावर बसलेला बघणार असतील तर भत्ता नको. मग दिल्या. दोरी पण मीच सोडायला सांगितली.

ती तुला हे कधीच सांगणार नाही. रोज सकाळी मला पुसताना माफी मागते. मी काही बोलत नाही. बोललं पाहिजे, पण बोलत नाही.

तिला तू काही बोलू नकोस. मुदत असेल तर अपील कर. मुदत नसेल तर घरी यायचं नाही. मी काय आहे ते आहे. तू परीक्षा दे.

बाबा


३ एप्रिल

आजी,

आता खरं लिहिते. मी तुझ्याशी खोटं बोलले, कारण ते नकाराचं पत्र वाचून मला तुझा एवढा राग आला होता की खरं लिहिलं असतं तर ते तुला वाचता आलं नसतं. रात्रीची झोप गेली आणि सकाळी रागही गेला. तू अजून माझी आजीच आहेस, म्हणून बरं वाटतंय.

मुदत होती. अपील टाकलंय. ते लोक पुन्हा येतील, कदाचित तेच दोघं. दिवस कळवतीलच असं नाही.

ठेकेदाराकडे पुन्हा जा. एकटी जा, बाबांना नेऊ नकोस. तो जे बोलला, ते त्याच्या कंपनीच्या कागदावर लिहून मागायचं: हा माणूस आमच्याकडे काम करत होता, लिफ्टच्या खड्ड्यात पडला, आता आमच्याकडचं बसून करायचं कामही त्याला झेपत नाही. सही आणि शिक्का. नाही म्हणाला तर तिथेच बसून राहा. तुला बसून राहायला येतं.

डॉक्टरांकडून नुसता मणक्याचा फोटो चालत नाही. त्यांनी लिहायचं की हा किती वेळ बसू शकतो, किती उचलू शकतो, काय धरल्याशिवाय उठू शकत नाही. आजार काय ते ऑफिसला माहीत आहे. त्यांना हवं असतं ते हे, की आजाराने काय काय नेलं.

आणि तुझ्यासाठी. गादी उचलायची नाही. दोरी सोडायची नाही. काठी, भांडं, स्टूल, जिथे असेल तिथे. गोळ्या मास्तरांच्या बायकोकडे ठेवून दे. चहा करायचा नाही. बाई विचारतील तेव्हा चांगला दिवस सांगायचा नाही, वाईट दिवस सांगायचा. आंघोळ करतात का, तर म्हणायचं, मी घालते. सगळं सांगायचं. बाबांसमोर.

मला माहीत आहे मी तुला काय करायला सांगतेय.

अपील फेटाळलं तर मी येतेच. परीक्षा झाली नसली तरी. हे बाबांना सांगू नकोस. त्यांनी मला एक पत्र लिहिलंय, त्यात काय आहे ते मी तुला सांगणार नाही. तूही कबूल करणार नाहीस.

टिटवी


१९ एप्रिल

टिटवे,

या वेळी पण आधी मास्तरच आले, पण त्यांच्या मागोमाग लगेच ती दोघं. साहेब या वेळी पहिल्या मजल्यावर बसले नाहीत, मेले. बारीक झालेत. कधी नव्हे ते मला एखाद्या जाड माणसाची गरज होती आणि हे बारीक होऊन आले.

बाबा तेव्हा उठत होता. दोरीला दोन्ही हात, एक गुडघा जमिनीवर, लुंगी सुटलेली. गादी पसरलेली होती, चादर सकाळीच खराब झाली होती, ती बदलायची राहिली होती. भांडं तिथेच. वास येत होता. मी कशाला खोटं सांगू, वास येतोच.

माझा पाय आपोआप भांड्याकडे गेला. कॉटखाली सारायला. बाबा म्हणाला, “आई, राहू दे.” इतकंच. मान वर न करता म्हणाला.

मी पाय मागे घेतला. माझेच हात काखेत दाबून उभी राहिले, नाहीतर हात काहीतरी करून बसतील. ती दोघं दारात. बाबा उठत होता, उठत होता, खाली येत होता, पुन्हा दोरी धरत होता. साहेबांना राहवेना, ते धरायला पुढे झाले. मी त्यांची बाही धरली. म्हटलं, थांबा, लिहायला आलात ना? बघून घ्या.

माझ्या तोंडून निघालं ते. माझ्या लेकाबद्दल.

बाई भिंतीकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, बाई, भिंतीकडे नका बघू. भिंतीला काही झालेलं नाही.

मग तो उठला. कपाटाची कडी धरून उभा राहिला, मागच्या वेळेसारखाच, पण हात पुढून, सगळ्यांना दिसेल असा. त्याला हसायला येत नव्हतं आणि त्याने प्रयत्नही केला नाही.

बाईंनी विचारलं, मी सांगितलं. आंघोळ कोण घालतं? मी. संडासला? मी, आणि मला उचलवत नाही तेव्हा खालचे टेलरमास्तर. कपडे? मी. रात्री? रात्री काय होतं ते सांगितलं. चादरीचं सांगितलं. सगळं सांगितलं टिटवे, तू म्हणालीस तसं. तो खिडकीतून बाहेर बघत होता. खाली कुणीतरी मोटार धूत होतं, ती तो बघत होता. मी बोलत गेले. मला वाटलं होतं जीभ उचलणार नाही. पण एकदा सुरू केलं की येतं गं. त्याचंच मला वाईट वाटतंय.

ठेकेदाराचा कागद दिला. त्याने शिक्का मारायला मला दुपारभर बसवलं होतं, मी त्याच्या गिऱ्हाइकांना बाबाच्या लहानपणीच्या गोष्टी सांगत बसले, तेव्हा मारला. डॉक्टरांचा कागद पण दिला. बाईंनी दोन्ही नीट वाचले. मग चष्मा काढून मला म्हणाल्या, “आजी, मागच्या वेळी तुम्ही हे काहीच सांगितलं नाहीत.”

मी म्हटलं, मागच्या वेळी तुम्ही पाहुण्या होतात.

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. चहा विचारला नाही मी. त्यांनी दुसऱ्यांदाच काय, पहिल्यांदाही मागितला नाही. साहेब खुर्चीकडे बघत होते, पण बसले नाहीत.

ते गेल्यावर बाबा स्टुलावर टेकला. मी चादर काढली, नवी घातली. मग म्हणाला, “आई, बरं बोललीस.” मी म्हटलं, तुझं तोंड धुते थांब. त्याने तोंड पुढे केलं, लहानपणी करायचा तसं, डोळे मिटून. गोळ्यांचं काही मी बोलले नाही, त्यानेही नाही. तू म्हणतेस ते पत्र, त्यात काय असेल ते असू दे. मी नाही विचारणार.

अजून निकाल नाही. बाई म्हणाल्या, आमच्या लिहिण्यावर भागत नाही, ऑफिसचे डॉक्टर घरी येऊन तपासतील, मग ठरेल. तुम्हाला कुठली वेळ बरी पडेल, विचारलं. मला आजवर हे कुणी विचारलं की मी म्हणायची, केव्हाही या, घर तुमचंच आहे.

मी म्हटलं, सकाळी लवकर आणा त्यांना. सकाळी तो सगळ्यात वाईट असतो. दुपारपर्यंत जरा माणसात येतो, मग तुमचा पुन्हा गैरसमज होईल.

त्यांनी ते लिहून घेतलं. मंगळवारी सकाळी डॉक्टरांना घेऊन येतो म्हणाले.